ब्रोकन हिल : रस्त्यांच्या पाट्या आणि खाणीची खोली

प्रति,
संपादक,

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या शहरावरचा प्रवासलेख वाचला. तिथल्या रस्त्यांना आर्जेंट, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, सल्फाइड, ऑक्साइड, कोबाल्ट, बेरिल, मायका, काओलिन अशी नावे आहेत, हे लेखात छान आले आहे. पण लेख पाट्यांपाशीच थांबला. ही खनिजे ज्या क्रमाने जमिनीखाली सापडत गेली, त्याच क्रमाने त्या शहराचे दैव पालटत गेले. भट्ट्या कुठे पेटल्या आणि कुठे हलवल्या गेल्या, कामगार कशाने आजारी पडले, डोंगराएवढे ढीग का साचले आणि पुढे ते का उपसावे लागले, याची उत्तरे त्या क्रमात आहेत. ती वाचकांपर्यंत जावीत म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी जागा समजून घेऊ. हे शहर न्यू साऊथ वेल्स राज्याच्या पश्चिम टोकाला, सिडनीपासून अकराशे किलोमीटरहून दूर आहे. शेजारच्या राज्यातले ॲडलेड मात्र सुमारे ५०० किलोमीटरवर. शहरातली घड्याळे आजही ॲडलेडच्या वेळेवर चालतात, कारण माल पहिल्यापासून तिकडेच गेला. न्यू साऊथ वेल्स सरकारने शेजारच्या राज्याची रेल्वे आपल्या हद्दीत येऊ दिली नाही, तेव्हा १८८८ मध्ये एका खासगी कंपनीने सरहद्दीपर्यंतचा तुकडा बांधून जोडणी केली. सिडनीशी थेट रेल्वे १९२७ साली आली. त्या ओसाड मुलखात मालवाहतुकीसाठी उंटही होते. ते आणि त्यांचे उंटवाले मुख्यतः कराची बंदरातून गेले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते. या उंटवाल्यांची पत्र्याची छोटी मशीद ब्रोकन हिलमध्ये अजून उभी आहे. लेखात तिचा उल्लेख हवा होता.

नकाशा पाहिला तर शहराची चौकट उत्तर-दक्षिण रेषेला तिरकी दिसते. रस्ते आखताना दिशा होकायंत्राची नव्हे, धातूच्या शिरेची धरली होती. आर्जेंट स्ट्रीट या शिरेला समांतर जातो. शीर सात-आठ किलोमीटर लांब आणि कमानीसारखी वाकलेली आहे. तिचा मधला भाग जमिनीवर उघडा होता, दोन्ही टोके खाली बुडत किलोमीटरहून खोल गेली आहेत. आजवर या एका शिरेतून वीस कोटी टनांहून अधिक धातुपाषाण निघाला आहे. शिसे, जस्त आणि चांदी एकत्र असलेला एवढा मोठा आणि एवढा कसदार साठा जगात दुसरा नाही.

हा साठा सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा. समुद्रतळाच्या गाळात आणि गाळाखाली उष्ण, खारट पाणी शिरले आणि सोबतचे धातू तिथे सोडून गेले, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. पुढे सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वी हा सगळा गाळ खोल दाबला गेला आणि ७५० अंश सेल्सियसच्या आसपास भाजून निघाला. त्या उष्णतेत बारीक कण विरघळून-जुळून मोठे झाले, अगदी डोळ्यांनी दिसतील असे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण ब्रोकन हिलचा निम्मा नफा या दाण्याच्या आकारात आहे. ऑस्ट्रेलियाच्याच उत्तर भागात मॅकआर्थर रिव्हर येथे असाच मोठा साठा १९५५ साली सापडला. तो कधी भाजला गेला नाही, त्याचे कण पिठासारखे राहिले. ते सुटे करण्याइतके बारीक दळणारी यंत्रे येईपर्यंत, म्हणजे १९९५ पर्यंत, ती खाण नीट सुरू होऊ शकली नाही.

आता वरून खाली जाऊ.

सगळ्यात वर होता काळा, खडबडीत, मोडका कडा. मँगनीज आणि लोखंड यांच्या ऑक्साइडांचा तो जाड थर होता. मूळ धातुपाषाण हवा-पाण्याने सडून गेल्यावर मागे जे उरते ते हेच. १८८३ च्या सप्टेंबरात मेंढ्यांच्या कुरणावर कुंपणाची राखण करणाऱ्या चार्ल्स रॅस्प याने तिथे खाणीच्या हक्काच्या खुंट्या ठोकल्या, ते कथिल समजून. ही चूक समजण्यासारखी होती. कथिलाचे खनिज काळे आणि हाताला जड असते, आणि मँगनीजच्या ऑक्साइडात शिसे मुरलेले असले की तेही काळे आणि जडच लागते. सात जणांनी प्रत्येकी सत्तर पौंड घातले. पहिल्या नमुन्यांत थोडे शिसे आणि त्याहून थोडी चांदी निघाली. चांदीचा खरा थर सापडला तो पुढे, खालच्या पांढऱ्या चिकणमातीत, म्हणजे काओलिनमध्ये. १८८५ मध्ये ब्रोकन हिल प्रोप्रायटरी कंपनी उभी राहिली. आजची बडी खाण कंपनी बीएचपी ती हीच.

त्या मातीतली चांदी धातूच्या रूपात फार थोडी होती. बरीचशी होती ती क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड या रूपांत. रस्त्यांची ही तीन नावे रसायनशास्त्राच्या पुस्तकातून सहज उचललेली नाहीत. शुद्ध सिल्व्हर क्लोराइडमध्ये वजनाने ७५ टक्के चांदी असते, ब्रोमाइडमध्ये ५७, आयोडाइडमध्ये ४६. हे खनिज हातात आले तर त्यात चांदी आहे यावर विश्वास बसत नाही. रंग मळकट करडा-हिरवट, चमक मेणासारखी. चाकू लावला तर चुरा होत नाही, पातळ सोललेली चकती निघते. उजेडात ठेवले की ते काळवंडते. जुन्या छायाचित्रणाच्या फिल्मवर हीच संयुगे असत, कारणही तेच. इतकी चांदी याच रूपात का साचली? कोरड्या मुलखातले भूजल खारट असते. गॅलिना हे शिशाचे सल्फाइड सडले की त्यातली चांदी पाण्यात उतरते, खारट पाण्यात तिला क्लोरीन भेटतो आणि न विरघळणारे क्लोराइड तिथल्या तिथे बसते. पावसाळी मुलखात ही चांदी दूर वाहून विखुरली असती. आयोडीनचा तर इतका सुकाळ होता की तांब्याचे आयोडाइड, मार्शाइट, जगात पहिल्यांदा ओळखले गेले ते इथल्या दगडांतून. रॅस्पच्या नावाचे रॅस्पाइट, म्हणजे शिशाचे टंगस्टेट, हेही इथलेच. या एका शिरेतून आजवर ३०० हून अधिक खनिजे नोंदली गेली आहेत.

चांदीच्या जोडीने, आणि तिच्या खालीही, शिशाचे कार्बोनेट होते. त्याला सेरुसाइट म्हणतात. त्यात ७७ टक्के शिसे असते आणि ते गाळायला सोपे असते : कोक, चुनखडी आणि वरच्या थरातलाच लोहयुक्त दगड घालून झोतभट्टीत टाकायचे, खाली चांदीसह शिसे जमते. म्हणून पहिल्या दहा-पंधरा वर्षांत भट्ट्या शहरातच, घरांच्या शेजारी उभ्या राहिल्या. या सोप्या धातुपाषाणानेच सर्वाधिक माणसे विषारली. शिशाची सगळी खनिजे सारखी विषारी नसतात. गॅलिना जठरातल्या आम्लात सावकाश आणि थोडे विरघळते, सेरुसाइट झटकन. वरून हा थर कोरडा आणि भुसभुशीत. खणताना, फावड्याने भरताना, टोपल्या रिकाम्या करताना जी धूळ उडाली ती माणसांच्या भाकरीबरोबर पोटात गेली. पोटात मुरडा, हिरड्यांवर निळसर रेघ, मनगट लुळे पडणे ही लक्षणे इतकी वाढली की १८९२-९३ मध्ये सरकारला खास चौकशी मंडळ नेमावे लागले.

पुढे भट्ट्या समुद्रकाठी पोर्ट पिरी येथे हलल्या, मुख्यतः हिशेबामुळे. कोक आणि कोळसा जहाजाने तिथे उतरत असे. तो वाळवंटात नेण्यापेक्षा शिशाचा माल खाली आणणे स्वस्त पडे. त्या भट्ट्यांना फ्लक्स म्हणून, म्हणजे टाकाऊ दगड वितळून वेगळा व्हावा यासाठी, लोहखनिज लागले, ते जवळच्या आयर्न नॉब टेकडीवरून येऊ लागले. टेकडीत लोखंड इतके उत्तम निघाले की बीएचपीने १९१५ साली न्यूकॅसल येथे पोलादाचा कारखाना काढला. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या पोलादउद्योगाची सुरुवात शिसे गाळण्यासाठी लागणाऱ्या दगडातून झाली आहे, ही साखळी अभ्यासक्रमात कुठे दिसत नाही. स्वतः बीएचपीने १९३९ मध्ये ब्रोकन हिल सोडले. शहराचे नाव मात्र कंपनीने सोबत नेले.

सडलेला थर संपला आणि खाणी सल्फाइडमध्ये शिरल्या तेव्हा शहर खरे अडचणीत आले. इथे जरा थांबतो, कारण आधुनिक खाणकामातला सर्वांत मोठा शोध याच अडचणीतून पुढे आला आणि आपल्याकडे तो फार कमी लोकांना ठाऊक आहे.

खालच्या धातुपाषाणात गॅलिना आणि स्फॅलेराइट, म्हणजे शिशाचे व जस्ताचे सल्फाइड, एकमेकांत गुंतलेले होते. सोबत दगडी भाग : क्वार्ट्झ, गुलाबी ऱ्होडोनाइट, मँगनीजचा गार्नेट ज्याला स्पेसार्टिन म्हणतात, कॅल्साइट. गॅलिना वेगळे करणे अवघड नव्हते. त्याची घनता साडेसात. दळलेला माल पाण्याच्या धक्क्यांवर नाचवणाऱ्या जिगमध्ये टाकला की सुपात पाखडल्यासारखे जड गॅलिना खाली बसते, हलके वाहून जाते. पण स्फॅलेराइटची घनता चारच्या आसपास, ऱ्होडोनाइटची ३.६, स्पेसार्टिनची ४.१ ते ४.२. वजनाच्या जोरावर जस्त या दोघांपासून सुटेच होईना. शिसे काढून झाले की जस्त, गार्नेट आणि ऱ्होडोनाइट हे तिघे एकत्र टेकाडावर जाऊन पडत. त्या ढिगांत पंधरा-वीस टक्के जस्त होते. असे लाखो टन साचले.

तसेच भट्टीत घातले तर? जस्त ९०७ अंशांना उकळते. भट्टीच्या तळाशी त्याची वाफ होते, वर थंड भागात जाऊन तिचे ऑक्साइड होते आणि ते भट्टीच्या भिंतींवर थर धरते. भट्टीतली वाट अरुंद होते, वरून भरलेला माल अडकतो. जे जस्त वाफ होत नाही ते मळीत, म्हणजे वितळलेल्या टाकाऊ दगडात, जाते, मळी घट्ट होते, आणि घट्ट मळीत शिशाचे थेंब अडकून वाया जातात. म्हणून शिसे गाळणारे कारखाने मालात जस्त जास्त असले की किंमत कापत.

उत्तर आले ते वजनाच्या नव्हे, पृष्ठभागाच्या गुणावरून. १९०२ च्या आसपास चार्ल्स पॉटर हा मेलबर्नचा बिअर बनवणारा आणि गिओम देल्प्रा हा बीएचपीचा व्यवस्थापक या दोघांनी जवळजवळ एकाच वेळी तसे पेटंट घेतले. टेकाडावरचा माल गरम सौम्य आम्लात टाकायचा. दगडातल्या कॅल्साइटमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात. हे बुडबुडे सल्फाइडच्या कणांना चिकटतात, क्वार्ट्झ-गार्नेटला चिकटत नाहीत. जड धातूचा कण वर तरंगतो आणि हलका दगड खाली बसतो. पॉटरच्या आणि देल्प्राच्या पद्धतींवरून पुढे कोर्टकचेरीही झाली. काही वर्षांतच आम्लाऐवजी थोडे तेल आणि जोरात घुसळून आत ओढलेली हवा वापरली जाऊ लागली. फेस धरण्यासाठी तिथे सहज मिळणारे निलगिरीचे तेल चालले. केवळ हे ढीग उपसण्यासाठी १९०५ मध्ये झिंक कॉर्पोरेशन स्थापन झाली. तिच्या उभारणीत पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले हर्बर्ट हूव्हर होते. तिची वारस कंपनी १९६२ साली ब्रिटिश रिओ टिंटोत विलीन झाली. जगातल्या दोन सर्वांत मोठ्या खाण कंपन्यांची मुळे या एका टेकडीत आहेत.

सुरुवातीच्या फेसात शिसे आणि जस्त दोन्ही एकत्र येत. दोघांना पाठोपाठ वेगळे तरंगवणे १९१२-१३ च्या सुमारास साधले, तेही ब्रोकन हिलच्याच माणसांना, लिस्टर आणि ब्रॅडफर्ड यांना. आज हे काम जसे चालते ते थोडक्यात असे. धातुपाषाण फोडून पाण्यासह गोळ्यांच्या गिरणीत दळतात, दाणा साधारण दशांश मिलिमीटरपर्यंत. गिरणीतच झिंक सल्फेट आणि चिमूटभर सायनाइड घालतात, त्याने स्फॅलेराइट दबून राहते. मग टनाला काही दशक ग्रॅम झँथेट आणि थोडे फेसकारक. झँथेट गॅलिनाच्या कणावर चिकटून त्याला पाणी न धरणारे करते, बुडबुडे तो कण उचलतात. हा फेस दोन-तीनदा पुन्हा धुऊन शिशाचा माल तयार होतो, आणि चांदी बहुतेक त्याच्यासोबतच जाते. उरलेल्या गाळात चुना घालून तो अल्कधर्मी करतात, टनाला काही शे ग्रॅम मोरचूद टाकतात आणि काही मिनिटे ढवळत ठेवतात. मोरचुदातले तांबे स्फॅलेराइटच्या पृष्ठभागावरचे जस्त हटवून स्वतः तिथे बसते. कणाला जणू तांब्याच्या सल्फाइडचा पातळ पापुद्रा येतो. आता झँथेट त्याला धरतो आणि जस्त वर येते. शुद्ध स्फॅलेराइटमध्ये ६७ टक्के जस्त असते, पण इथल्या स्फॅलेराइटमध्ये लोखंड मुरलेले असल्याने तयार मालात ५० टक्क्यांच्या आसपासच मिळते. त्यात कामगारांची कसूर नसते.

बिघाड होतो तो बहुधा चार कारणांनी. धातुपाषाण थोडा सडका आला की त्यातून विरघळलेले तांबे व शिसे वेळेआधीच स्फॅलेराइटला जागे करते आणि जस्त शिशाच्या फेसात शिरते. दळण जास्त झाले की मऊ गॅलिनाचा चिखल होतो, इतके बारीक कण बुडबुड्याला धडकतच नाहीत आणि टाकाऊत जातात. दळण कमी झाले की शिसे-जस्ताचा जोडदाणा फुटत नाही, तो कुठल्याही मालात गेला तरी नुकसानच. आणि फेसकारक जास्त पडले की फेस जाड होऊन गार्नेटची धूळ नुसत्या पाण्याबरोबर वर खेचली जाते. ऑपरेटर फेसाचा रंग, बुडबुड्याचा आकार आणि कडेवरून तो किती चटकन मोडतो हे पाहून डोस बदलतो. यंत्रे आली तरी ही नजर लागतेच. जगातले तांबे, शिसे, जस्त, निकेल यांचा फार मोठा हिस्सा आज याच पद्धतीने निघतो. आपल्या राजस्थानातल्या जस्ताच्या खाणीही त्याच मार्गाने चालतात.

जस्ताचा माल पहिल्या महायुद्धाआधी जर्मनी-बेल्जियमला जाई. युद्धाने ती वाट बंद झाली, तेव्हा टास्मानियात धरणाच्या विजेवर जस्त काढणारा रिस्डनचा कारखाना उभा राहिला.

लेखातल्या रस्त्यांच्या नावांत न आलेले एक खनिज अजून सांगायलाच हवे, ते म्हणजे साधे क्वार्ट्झ. कोरड्या ड्रिलने क्वार्ट्झ फोडले की जी धूळ उडते ती फुप्फुसात बसते आणि तिथे व्रण होतात. सिलिकोसिस तो हाच. उपाय साधा होता : ड्रिलच्या पोकळ दांड्यातून पाणी सोडायचे, फोडलेल्या मालावर पाणी मारायचे, सुरुंगानंतर धूळ बसेपर्यंत आत जायचे नाही. पण तो सर्वत्र लागू व्हायला १९१९-२० चा दीड वर्षाचा संप लागला. डॉक्टरांच्या आयोगाने हजारो कामगार तपासले. शेवटी जमिनीखाली आठवड्याला ३५ तास काम आणि धूळ व शिशाच्या आजारांना भरपाई, हे दोन्ही मिळाले. १९२५ पासून शिशाच्या बाजारभावाशी जोडलेला बोनसही सुरू झाला. शिरेवरच्या ढिगाऱ्यावर कामावर दगावलेल्यांचे स्मारक आहे, त्यावर ८०० हून अधिक नावे आहेत. आपल्या लेखातल्या फोटोत ते मागे दिसते, पण फोटोखालच्या ओळीत त्याचे नाव नाही.

खाणीच्या आधारांसाठी आणि सरपणासाठी भोवतालची मल्गा झाडे तोडली गेली, उरलेले मेंढ्या-सशांनी खाल्ले. मग वाळू आणि ढिगांची धूळ शहरावर येऊ लागली. १९३६ मध्ये आल्बर्ट मॉरिस या धातुपरीक्षकाने शहराभोवतीचे पट्टे ससे शिरणार नाहीत अशा जाळीने बंद केले. त्याने लावलेली झाडे थोडीच. चरणे थांबताच जमिनीत पडलेले स्थानिक बी आपोआप उगवले, सॉल्टबुश आणि मल्गा परत आले. आधी कुंपण आणि मग, गरज पडली तरच, रोप हा त्याचा क्रम होता. आपल्याकडे खाणीच्या ढिगांवर दरवर्षी रोपे लावून गुरे मोकळी सोडली जातात, ते पाहता हा क्रम आवर्जून सांगावासा वाटतो.

शिशाचा प्रश्न संपलेला नाही. ब्रोकन हिलच्या शिशाला स्वतःची ओळख आहे. त्यातल्या शिसे-२०६ आणि शिसे-२०७ या समस्थानिकांचे प्रमाण १.०४ च्या आसपास, म्हणजे जगातल्या बहुतेक शिशापेक्षा बरेच कमी आहे. या खुणेवरूनच १८८९ च्या सुमारास अंटार्क्टिकाच्या बर्फात पडलेले शिसे इथले असल्याचे ओळखता आले. दक्षिण ध्रुवापर्यंत पोचलेली धूळ शेजारच्या अंगणात किती असेल? १९९१ मध्ये लहान मुलांची रक्ततपासणी पद्धतशीर सुरू झाली तेव्हा बहुतेकांच्या रक्तातले शिसे १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर निघाले. ऑस्ट्रेलियात २०१५ पासून पाचच्या वर गेले की कारण शोधावे असा संकेत आहे. शहरातल्या घरांनी पाळायची शिस्त अशी : केरसुणीने कोरडे झाडायचे नाही, ओल्या फडक्याने पुसायचे. उघडी माती गवताने किंवा स्वच्छ वाळूने झाकायची. भाजी बाहेरून आणलेल्या मातीच्या उंच वाफ्यातच. छपरावरचे पावसाचे पाणी पिण्यास वापरायचे नाही. मुलांना उपाशीपोटी ठेवायचे नाही आणि आहारात लोह व कॅल्शियम भरपूर द्यायचे, कारण ते कमी असले की आतडे शिसे अधिक शोषते.

ऑस्ट्रेलियात राहणारी किंवा तिकडे सहलीला जाणारी मराठी कुटुंबे तिथून खनिजांचे नमुने आणतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. घनाकृती चकचकीत गॅलिना फार देखणे असते, पण ते लहान मुलांच्या हाती किंवा स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवू नये. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि पांढरा-राखाडी चुरा गळत असेल तर तो सेरुसाइट असू शकतो, असा नमुना काचेच्या डबीत बंद करावा. गुलाबी ऱ्होडोनाइट ओलावा आणि हवेने पृष्ठभागावर काळा पडतो, तेव्हा ते कोरडे ठेवावे आणि चकाकीसाठी लिंबू-चिंच लावू नये. जुन्या ढिगांवर जाऊन दगड वेचणे धोक्याचे आहे आणि त्याला परवानगीही नसते. शहरातल्या आल्बर्ट कर्स्टन खनिज संग्रहालयात हे सगळे नीट मांडलेले आहे, रॅस्पकडे असलेले चांदीचे झाडही तिथेच आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. ऱ्होडोनाइट आणि स्पेसार्टिन ही नावे नागपूर-भंडारा भागातल्या खाणवाल्यांना परकी नाहीत. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीज खाणींमधला स्पेसार्टिन आणि क्वार्ट्झ यांचा खडक फर्मर या भूवैज्ञानिकाने गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ या नावाने जगापुढे ठेवला. तोही मँगनीजयुक्त समुद्री गाळच, खोल दाबून भाजलेला. ब्रोकन हिलच्या शिरेभोवती असाच मँगनीज-गार्नेटचा खडक आढळतो, आणि भूवैज्ञानिक जगभर शिसे-जस्त शोधताना त्याची खूण धरतात. एवढ्यावरून आपल्याकडे शिसे आहे असे मुळीच ठरत नाही, त्यासाठी मातीत आणि ओढ्याच्या गाळात शिसे, जस्त व कॅडमियम मोजावे लागते, आणि तशी मोजणी या पट्ट्यात बारकाईने होत राहावी ही मागणी रास्त आहे. रामटेक तालुक्यातल्या शाळेतल्या मुलांना गोंडाइट ओळखता आला पाहिजे : साखरेसारखे बारीक, नारिंगी-तपकिरी दाणे, दगड आकाराच्या मानाने जड, काचेवर ओरखडा उठवणारा, आणि वरच्या काळ्या पुटीने बोटे काळी करणारा.

ती काळी पूट धुवायला हवी हेही त्यांना सांगावे. शिशाच्या उलट, मँगनीजची धूळ पोटातून फारशी बाधत नाही, पण ती वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर मज्जासंस्थेवर घाला घालते : चाल बिघडते, हात थरथरतो, आवाज एकसुरी होतो. खाणीजवळच्या रस्त्यांवर मालाचे ट्रक ताडपत्री न घालता धावतात आणि उन्हाळ्यात पाणी मारणे बंद पडते, त्या दोन गोष्टींवर आपल्या वार्ताहरांनी एकदा जाऊन लिहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त खाण-भूवैज्ञानिक
नागपूर